मी मोजला जिनिंगचा वारा

वाऱ्याचाही हिशेब असतो, मित्रांनो, आणि मी तसलाच एक जुना हिशेब आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत, वजनही नाही. मला गंज चढत नाही, उंदीर मला कुरतडत नाहीत. त्यामुळे माझं म्हातारपण कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. मी संगणकाच्या पोटात राहतो. पुस्तकात माझं नाव ‘एक-समीकरणी प्रारूप’ असं भारदस्त लिहिलेलं असतं, पण त्या नावाला घाबरू नका. माझ्याजवळ एकच समीकरण आहे आणि त्यात मी समाधानी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

माझं काम काय, ते आधी सांगतो. वैशाखात नांगरलेल्या काळ्या रानात धुळीची वावटळ उठते, ती तुम्ही पाहिली असेल. एका मोठ्या भोवऱ्यात लहान भोवरे असतात, त्या लहानांत आणखी लहान. दिसत नसले तरी वाहत्या हवेत असे भोवरे जवळजवळ सगळीकडेच असतात. ते एकेक करून मोजायचे म्हटले, तर जगातले सगळे संगणक एकत्र बसवले तरी ते हात टेकतील. म्हणून शहाण्या माणसांनी एक तोडगा काढला. भोवरे मोजायचेच नाहीत. हवेतल्या प्रत्येक जागी फक्त एक आकडा ठेवायचा: इथे हवेची घुसळण किती? त्या घुसळणीचा माग काढणं हेच माझं आयुष्य.

ही घुसळण कशी वागते, हे मला तोंडपाठ आहे. हवेचे थर एकमेकांना घासले की ती जन्मते. वाऱ्याबरोबर ती पुढे जाते. जाताना शेजारीपाजारी थोडी थोडी पसरते. आणि भिंतीजवळ आली की मरते, कारण तिथे भोवऱ्याला अंग पसरायला जागाच नसते. म्हणून मी प्रत्येक जागेबद्दल एकच चौकशी करतो, की सर्वांत जवळची भिंत इथून किती लांब आहे? ते खरं सांगितलं तर माझं उत्तर खरं येतं. खोटं सांगितलं तर खोटं येतं, पण तेही मी तितक्याच रुबाबात सांगतो. हा माझा स्वभावदोष आहे आणि त्यापायी एकदा मोठा अनर्थ व्हायची वेळ आली होती. तीच गोष्ट सांगायला आज बसलो आहे.

माझा जन्म विमानाच्या पंखांसाठी झाला. पंखाला चिकटून वाहणारी हवा हा माझा आवडीचा प्रांत. माझे चुलतभाऊ दोन समीकरणं घेऊन फिरतात. ते माझ्यापेक्षा हुशार आहेत, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. पण त्यांच्या दोन समीकरणांचं एकमेकांशी पटेपर्यंत बराच वेळ जातो. मी एकटा असल्यामुळे माझं कुणाशी भांडण नाही.

यवतमाळला मी आलो तो साधना मॅडमच्या पिशवीतून. एका चकतीवर बसून, जेवणाच्या डब्याला चिकटून, एसटीच्या लाल गाडीने. साधना मॅडम इथल्या एका अभियांत्रिकी कॉलेजात शिकवत. त्यांनी मला प्रयोगशाळेतल्या कोपऱ्यातल्या संगणकावर बसवलं. पाठीमागे हे एवढं कुबड असलेला पडदा होता त्याचा. आल्या आल्या एक मोठे सर हसून म्हणाले, “एक समीकरण? हे तं खेळणं झालं, मॅडम.” मॅडमनी शांतपणे भिंतीवरच्या लोडशेडिंगच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. सकाळी दहा ते दुपारी चार एवढीच सलग वीज. माझ्या चुलतभावांना एका गणिताला नऊ तास लागायचे, मला पावणेतीन. त्या दिवसापासून मला कुणी खेळणं म्हटलं नाही.

साल होतं दोन हजार सहा. कापसाची ती वाईट वर्षं होती. भाव पडलेला, खरेदी केंद्रं उशिरा उघडणारी. त्या काळात आमच्या जिल्ह्यात गाड्या भरभरून माणसं यायची, शेतात जायची, फोटो काढायची, लिहून न्यायची. कापूस शेतातून निघाल्यावर जिथे जातो, तिथे मात्र कुणी डोकावत नसे. तिथे जिनिंगमध्ये बायका जिनीसमोर बसायच्या. जीन म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करणारं यंत्र. बायका हाताने कापूस लोटत जायच्या, रुई समोर निघायची, सरकी खाली पडायची आणि बारीक तूस हवेत उडत राहायचं. ते नाकातोंडात जायचं आणि छातीत जाऊन बसायचं.

त्यांतलीच एक हंसाबाई. दारव्ह्याजवळच्या तांड्यावर राहणारी, पंधरा सीझन तिसऱ्या नंबरच्या जिनीवर बसलेली. तिचा खोकला आता घरभर ऐकू यायचा. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, की मागच्यासारखा आणखी एक सीझन काढला तर ही छाती परत सुधारायची नाही. आणि हंसाबाईने त्यांनाही सांगून ठेवलं होतं, की जीन सोडणार नाही.

तिची मुलगी जया आमच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला एक प्रकल्प करावा लागतो. कुणी विमान घेतं, कुणी मोटारगाडी घेतं. जया मॅडमसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “मॅडम, मले जिनिंगचा वारा काढायचा हाय. याडीच्या तोंडावरचा.” याडी म्हणजे आई. मॅडम उठल्या आणि त्यांनी माझा संगणक सुरू केला. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. पंखाखाली जन्मलो, पण एका आईसाठी मला कुणी पहिल्यांदाच बोलावत होतं.

दारव्ह्याच्या त्या जिनिंगचे मालक बाबुलालशेठ. माणूस वाईट नव्हता, हात मात्र आखडता. त्यांनी जयाला सांगितलं, “एक पंखा देतो. एक भोक पाडू देतो भितीले. जागा तू सांग. पन एकदाच सांग. भित म्हंजे काई चाळनी नाई.” पंखा धूळ बाहेर ओढणार होता. तो बरोबर जागी बसला तर हंसाबाईचा सीझन निभणार होता. चुकीच्या जागी बसला तर सगळं तूस फिरून तिच्याच तोंडावर येणार होतं.

जया आषाढात जिनिंगमध्ये गेली. सोबतीला तिथले मिस्त्री भीमराजभाऊ. त्यांनी टेपचं एक टोक धरलं, जयाने दुसरं. सगळं मोजून झालं: लांबी, रुंदी, छपराची उंची, बारा जिनींची ओळ, दारं, खिडक्या. हॉल झाडून लख्ख होता. जिनींवर तरटं पांघरलेली होती आणि एका कोपऱ्यात चौकीदाराची शेळी बांधलेली होती. शेळी तेवढी जयाने नकाशात घेतली नाही.

मग माझं काम सुरू झालं. मी भिंती पाहिल्या, प्रत्येक जागेचं भिंतीपासूनचं अंतर लिहून घेतलं आणि घुसळणीच्या मागे लागलो. दोन महिने आम्ही वेगवेगळ्या जागी पंखा लावून पाहिला. शेवटी उत्तर आलं, की जिनींच्या मागच्या, पश्चिमेच्या भिंतीत बरोबर मधोमध भोक पाडा. काय सुंदर चित्र होतं ते! हंसाबाईच्या तोंडासमोरून वारा सरळ मागे जात होता. जया टाळ्या वाजवून हसली. भीमराजभाऊंनी भिंतीवर खडूने चौकोन आखला. सोमवारी छिन्नी लागायची होती.

शुक्रवारी हंसाबाई तपासणीसाठी यवतमाळच्या दवाखान्यात आली. जया तिला तिथून कॉलेजात घेऊन आली. हंसाबाईने चपला बाहेर काढल्या. जया म्हणाली, “अवं, घालून ये याडी,” तरी तिने ऐकलं नाही. मॅडमनी तिला आपली खुर्ची दिली. घरी मायलेकी गोरबोलीत, म्हणजे बंजारा भाषेत बोलत, पण मॅडमसमोर दोघी वऱ्हाडीवर आल्या.

हंसाबाईने पडद्यावरचे लाल-निळे रंग निरखून पाहिले. मग विचारलं, “हे कोनतं जिनिंग हाय व?”

“आपलंच. हा पाह्य दरवाजा. ह्या जिनी. ही तुही तिसरी.”

“अन् कापूस?”

“कोनता कापूस?”

“बाप्पा! कोनता कापूस म्हंते!” हंसाबाई मॅडमकडे वळली. “म्याडम, जिनिंगमदी कापूस नाई तं मंग आमी जिनीत का हवा टाकतो?”

हंसाबाई उठली आणि तिने पडद्यावरच्या पश्चिमेच्या भिंतीवर, बरोबर त्या भोकावर, आपला तळवा ठेवला. “ह्या भितीले सीझनभर कापसाचा ढीग लागून रायते. पार छपरापर्यंत. मागच्या साली तं अवकाळी पान्यापायी आंगनातला सारा कापूस आत आनला, खिडकी दबली होती. अन् पंखा इथं लावता? कापूस खाईन तो पंखा. बोळा बसन त्याच्या तोंडात.”

जयाचा चेहरा उतरला. मॅडमनी हळूच विचारलं, “जया, सीझनमध्ये तू कधी आत गेलीच नाहीस?”

“नाही, मॅडम. याडी येऊच देत नव्हती. डबा घेऊन गेली तं फाटकावर घ्यायची. उन्हाळ्यात तेलपाणी, साफसफाई असली की मगच आत न्यायची.”

“कायले येऊ देऊ?” हंसाबाई एकदम चिडून म्हणाली. “मी खोकलून राह्यली ते पुरे नाई का? तुह्या बी छातीत भरू का ते?”

मित्रांनो, चूक कशी झाली ते तुमच्या लक्षात आलं का? आईने लेकीला धुळीपासून जपलं, म्हणून लेकीने जिनिंग रिकामंच पाहिलं. आणि मी, जो प्रत्येक जागेला ‘भिंत किती लांब’ म्हणून विचारतो, तो विटांच्या भिंतीपासून अंतरं मोजत बसलो. हवेला मात्र विटा कधी भेटणारच नव्हत्या. तिला कापसाचा ढीग भेटणार होता, दहा हात अलीकडे. माझं सगळं सुंदर चित्र एका रिकाम्या जिनिंगचं होतं. मला तेव्हा खरंच लाज वाटली.

जया रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. तिने मॅडमच्या टेबलाच्या खणातून टेप काढली आणि आईसमोर बसली.

“सांग. सकाळी ढीग कोठवर रायते?”

“भितीकडं छपराले. इकडं उतार होत होत, जिनीजवळ मह्या छातीले.”

“अन् दुपारी?”

“कमरेले. आमी खालून ओढतो ना, वरतून ढासळते तो. संध्याकाळी गुडघ्याले येते. मंग रात-पाळीचे गडी नवा कापूस आनून टाकतेत.”

जयाने आईला उभं केलं आणि जमिनीपासून टेप लावली. छाती पावणेचार फूट. कंबर तीन फूट. गुडघा दीड फुटाला एक बोट कमी. हंसाबाईला गुदगुल्या झाल्या. “अवं, पोलकं शिवतं का काय मह्यं?” असं म्हणून ती हसली, आणि हसता हसता तिला खोकला आला. तो बराच वेळ थांबला नाही. जया टेप हातात धरून तशीच बसून राहिली. माझ्या समीकरणात खोकल्यासाठी जागा नाही, पण त्या दिवशी एकेक आकडा माझ्यात भरला जाताना मी तो विसरू शकलो नाही.

चार वाजता वीज गेली. साधना मॅडम हंसाबाईला घरी घेऊन गेल्या, आणि त्यांच्या आईने तिला त्या दिवशी तांड्यावर जाऊच दिलं नाही, ठेवून घेतलं. शनिवारी दहाला पुन्हा सगळे हजर. पहिलं गणित सकाळच्या ढिगाचं, खडूच्या चौकोनात पंखा लावून. पावणेएकला चित्र आलं. ढिगामागे दडलेला पंखा असून नसल्यासारखाच होता. समोरच्या दारातून आलेला वारा ढिगावर आपटून वर उठत होता, उलटा फिरत होता आणि तिसऱ्या जिनीसमोर, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, घिरट्या घालत होता.

हंसाबाईने आपला हात गालाजवळ नेला आणि मनगटातून तसाच वळवला, जसा पडद्यावरचा बाण वळत होता. “हेच! हेच ते. पंधरा सीझनपासून मी हेच सांगून राह्यली, हे मागून येऊन तोंडावर पडते. कोनाले दिसे नाई. आज दिसलं बाप्पा!”

मित्रांनो, माझं कौतुक पुष्कळ झालं आहे. मोठमोठ्या सभांमध्ये माझे आलेख दाखवले गेले आहेत. पण जिने तो वारा रोज तोंडावर झेलला तिने ‘हेच ते’ म्हणावं, याच्यापुढे ते सगळं फिकं आहे.

आता पंखा लावायचा कुठे? तेही हंसाबाईनेच सुचवलं. “सरकी पडते त्या बाजूनं पाह्य. दक्षिनेले, खालच्या अंगाले. तिथं कापूस कोनी ठेवत नाई. वारं खाली ओढलं तं तोंडावर येईनच कायले?” दुसरं गणित त्या जागेचं केलं. साडेतीनला उत्तर आलं, आणि चांगलं आलं. तिसऱ्या जिनीसमोरची घिरटी मोडली होती. जीप पकडायला निघताना हंसाबाई दारात थांबली. “जये, एक ध्यानात ठेव. मह्या तोंडावरचं इंदूबाईच्या तोंडावर नको ढकलू. पाचव्या जिनीवर बसते ते. तिले बी दम लागते.”

बरं झालं तिने सांगितलं. रविवारी मॅडमनी किल्ली आणून प्रयोगशाळा उघडली. दुपारच्या ढिगाचं, म्हणजे कंबरेएवढ्या ढिगाचं गणित केलं तेव्हा तेच झालं होतं. तिसरीसमोरून उठलेली घिरटी अलगद पाचवीसमोर जाऊन बसली होती. जया ‘अरे देवा’ म्हणाली. तिने भोक दोन फूट पुढे सरकवलं आणि मला पुन्हा कामाला लावलं. मी जीव तोडून धावलो, कारण घड्याळ पुढे जात होतं. पावणेचारला पाचवीसमोरची हवाही खाली वळली. चार वाजता पडदा काळा झाला. सरकवलेल्या जागेसाठी सकाळच्या ढिगाचं गणित पुन्हा करायचं राहिलं, आणि संध्याकाळच्या ढिगाचं तर झालंच नाही. मॅडम म्हणाल्या, “दोन फुटांनी सकाळचं फार बदलणार नाही. संध्याकाळी गुडघ्याएवढाच ढीग आहे, वारा मोकळा असेल. एवढा भरवसा ठेवू.” पुढे दिवाळीच्या सुट्टीत ती दोन्ही गणितं आम्ही केली. भरवसा खोटा ठरला नाही.

सोमवारी जिनिंगमध्ये काय झालं ते जयाने मॅडमना सांगितलं आणि मी ऐकलं. छिन्नी-हातोडी घेऊन भीमराजभाऊ उभे, शेजारी बाबुलालशेठ. जागा बदलली म्हटल्यावर शेठ वैतागले. “परवा तुहा कंप्यूटर म्हने पश्चिमेले. आज म्हंते दक्षिनेले. उद्या का छपरावर चढन?”

जया म्हणाली, “शेठजी, आम्ही त्याले कापूसच दाखवला नव्हता. रिकामं जिनिंग दाखवलं होतं. चूक माही हाय.”

शेठनी खडूच्या चौकोनाकडे पाहिलं, वर छपराकडे पाहिलं. मग भीमराजभाऊच घसा खाकरून बोलले, “मले तं खूण करतानाच वाटलं होतं, का इथं तं ढीग रायते. पन म्हटलं, कंप्यूटरले मालूम असन.”

“तुले वाटलं होतं?” शेठ म्हणाले. आणि मग म्हणाले, “वाटलं तं मले बी होतं.”

आणि तिघंही हसायला लागले. पण मला हसू आलं नाही. ज्यांनी तो ढीग वर्षानुवर्षं पाहिला होता ते माझा मान राखायला गप्प बसले. असला मान मला नको. मला फार थोडं कळतं, आणि तेही कुणी सांगितलं तरच.

भोक दक्षिणेला पडलं. दिवाळीनंतर मुहूर्ताची पूजा झाली आणि सीझन सुरू झाला. मला तिथलं काही दिसत नव्हतं. मी कोपऱ्यातल्या संगणकात बसून वाट पाहत होतो, दुसऱ्या मुलांच्या पंख्यांची नि नळ्यांची गणितं करत होतो.

पौषात एक दिवस जया धावतच प्रयोगशाळेत आली. डबा पोचवायला ती फाटकावर गेली होती. नेहमीसारखी बाहेर थांबली. हंसाबाई आली, पण तिने डबा घेतला नाही. तिने जयाचं मनगट धरलं आणि म्हणाली, “चाल. आत ये.” बावीस वर्षांच्या जयाने चालू जिनिंग त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. बारा जिनींचा खडखडाट, छपराला टेकलेला ढीग. रुईचं तूस उडत होतं, नाही कसं? पण ते तोंडाशी न घुटमळता खाली, पायांकडे जात होतं. पाचवीवरून इंदूबाईने हात हलवला. हंसाबाईने लेकीला आपल्या जागेवर बसवलं आणि तिच्या हातांनी एक कवळ कापूस जिनीत घालायला लावला.

“मॅडम, तिनं मले स्वतःहून आत नेलं,” जया पुन्हा पुन्हा तेच सांगत होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मॅडमनी तिच्या केसांत अडकलेलं तूस काढलं. फाल्गुनात डॉक्टरांनी हंसाबाईची छाती पुन्हा तपासली. बरी झाली असं ते म्हणाले नाहीत, पण बिघडली नाही असं म्हणाले. हंसाबाईने सबंध सीझनमध्ये एकही खाडा केला नव्हता.

त्यानंतर पुष्कळ वर्षं गेली. जया पुण्याला पंखे बनवणाऱ्या एका कारखान्यात आहे. प्रयोगशाळेत चपट्या पडद्यांचे नवे संगणक आले, वीज दिवसभर राहू लागली. माझे दोन समीकरणांचे चुलतभाऊ आता तासाभरात काम उरकतात. त्यांच्याहूनही मोठे हिशेब आले आहेत, जे खरोखरच भोवरे मोजायला निघतात. यादीत माझं नाव खूप खाली गेलं आहे. मुलं माझ्यावरून माउसचा बाण फिरवत पुढे जातात. कधी कधी दोन-दोन वर्षं मला कुणी हाक मारत नाही. थोडं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण माझ्या वाट्याला एक चांगला सीझन आला, आणि कितीतरी हुशार हिशेबांच्या वाट्याला तोही येत नाही.

गेल्या वर्षी अश्वजित नावाचा एक विद्यार्थी जुनी गणितं चाळत होता. त्याने जयाची फाइल उघडली. आमच्या कामात प्रत्येक भिंतीला एक नाव द्यावं लागतं, म्हणजे तिच्यापासूनचं अंतर मी मोजू शकतो. तिथे ओळीने लिहिलेलं होतं: भिंत एक, भिंत दोन, भिंत तीन, भिंत चार, छप्पर. आणि कापसाच्या ढिगाचा जो चेहरा हवेकडे होता, त्याच्यापुढे जयाने त्या शुक्रवारी लिहिलं होतं, ‘हंसाबाई’.

अश्वजितने विचारलं, “मॅडम, इथं कुणीतरी चुकून बाईचं नाव टाकलंय. भिंत पाच करू का?”

साधना मॅडमचे केस आता पांढरे झाले आहेत. त्या उठून त्याच्या खुर्चीमागे आल्या. “नको. आधी दारव्ह्याला जाऊन ये. तिसऱ्या नंबरच्या जिनीवर कोण बसत होतं, विचार. त्या आता तांड्यावरच असतात, भेटतील. आणि आत्ता जाऊ नको, सीझन लागल्यावर जा.”

तुम्हीही मोठे व्हाल, मित्रांनो, आणि माझ्याहून कितीतरी हुशार हिशेब तुमच्या हाताखाली असतील. त्यांना जपा, जुने झाले म्हणून फेकू नका. पण त्यांच्यावर आंधळा भरवसाही टाकू नका. ज्या जागेचं गणित करायचं तिथे भर कामाच्या दिवसात जा, आणि तिथे रोज बसणाऱ्या माणसाला आधी विचारा. त्याला आकडे येत नसतील. वारा कुठून येतो, ते मात्र त्याला विचारा.

अश्वजित कार्तिकात दारव्ह्याला जाऊन आला. परतला तेव्हा त्याच्या सदऱ्यावर तूस होतं. त्याने फाइल उघडली, नाव होतं तसंच राहू दिलं आणि यादीच्या तळातून मला निवडलं. मी कामाला लागलो. हवेतली एकेक जागा घेतली आणि ती हंसाबाईपासून किती लांब आहे, ते मोजू लागलो.